खाकऱ्याचा डबा आणि त्यावरची तारीख



हल्ली मोठ्या दुकानांत खाकरा 'डाएट'च्या फळीवर मांडलेला दिसतो. शेजारी ओट्सची बिस्किटं आणि परदेशी क्रॅकर असतात. नव्या पिढीला वाटतं, हा वजन कमी करण्यासाठी कुणीतरी शोधून काढलेला पदार्थ. आपल्या घरांत मात्र खाकरा वजनकाट्यासाठी आलेला नाही. तो पंचांग पाहून आला. परवा सूनबाईने ओव्हनमध्ये मसाल्याचे क्रॅकर केले आणि विचारलं, "मम्मी, हे किती दिवस चालतील?" त्या एका प्रश्नात खाकऱ्याचा सगळा इतिहास आहे, म्हणून आज त्याबद्दल लिहिते.

पोळी आपल्याकडे त्याच दिवसाची. रात्र उलटली की ती वासी. कारण तिच्यात पाणी राहतं, आणि ओल राहिली की जीवोत्पत्ती होते. मग पहाटे विहाराला किंवा गावोगावच्या बाजाराला निघणाऱ्याने बरोबर न्यायचं काय? आपल्या जुन्या बायकांनी शोधलेलं उत्तर साधं होतं: पोळीतलं पाणीच काढून टाकायचं. पाणी गेलं की ती वासीच्या नियमातून सुटते आणि सुक्या पदार्थांच्या काळमर्यादेत येते. श्वेतांबर परंपरेत ही मर्यादा ऋतूप्रमाणे बदलते. कार्तिकी पौर्णिमेपासून फाल्गुन चौमासीपर्यंत, म्हणजे थंडीत, 30 दिवस. तिथून आषाढ चौमासीपर्यंत, उन्हाळ्यात, 20 दिवस. आणि चातुर्मासात 15 दिवस. दिगंबर घरांत पिठाची मोजणी आणखी काटेकोर असते: पावसाळ्यात 3, उन्हाळ्यात 5 आणि हिवाळ्यात 7 दिवस. आकडे वेगळे असले तरी दोन्हीकडे मोजतात तीच गोष्ट, हवेतला दमटपणा.

खाकरा करताना हेच हाताने घडतं. कणकेत तेलाचं मोहन, मीठ, ओवा, जिरं. घट्ट भिजवून अर्धा तास झाकायची, मग कागदासारखं पातळ लाटायचं. पहिल्या फेरीत सगळ्या पोळ्या तव्यावर नुसत्या कच्च्या-पक्क्या शेकून फडक्यात एकावर एक रचायच्या. दुसऱ्या फेरीत एकेक पोळी मंद आचेवर ठेवून लाकडी दट्ट्याने किंवा फडक्याच्या घडीने दाबत, फिरवत, कडक होईपर्यंत भाजायची. फुलका फुगावा म्हणून आपण धडपडतो. खाकरा फुगू नये म्हणून दाबतो, कारण फुगला की वाफ आत अडकते आणि मधला भाग मऊ राहतो. एक किलो कणकेचे माझ्या हाताने 40-45 खाकरे होतात, आणि दोन्ही फेऱ्या धरून अख्खी सकाळ जाते.

ही दोनदा भाजण्याची युक्ती जगात इतरांनाही सापडली होती. 'बिस्किट' या शब्दाचा मूळ लॅटिन अर्थच 'दोनदा भाजलेलं' असा आहे. महिनोन् महिने समुद्रावर राहणाऱ्या युरोपातल्या खलाशांना नुसतं पीठ, पाणी आणि मीठ यांची दगडासारखी कडक बिस्किटं शिधा म्हणून मिळत. ज्यू लोक त्यांच्या वल्हांडण सणात मात्झा नावाची बिनखमिराची कडक पोळी करतात. पिठाला पाणी लागल्यापासून 18 मिनिटांत ती भाजून झाली पाहिजे, नाहीतर पीठ आंबलं असं धरतात. धर्म वेगळा, देश वेगळा, पण पिठाला पाणी लागलं की वेळ मोजायला लागायचं, ही सावधगिरी आपल्या ओळखीची आहे. अमेरिकेत 1801 साली जोशिया बेंट याने कडक बिस्किटं विकायला सुरुवात केली. चावताना कडकड आवाज होतो म्हणून त्यांना क्रॅकर हे नाव पडलं, असं सांगतात. क्रॅकरवर जी बारीक भोकं असतात ती शोभेची नाहीत. वाफ बाहेर पडावी आणि बिस्किट फुगू नये, म्हणून ती पाडतात. आपला दट्ट्या करतो तेच काम.

महाराष्ट्राच्या मातीतही याचा एक नातेवाईक आहे. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या 12व्या शतकातल्या 'मानसोल्लास' ग्रंथात 'मंडक' या गव्हाच्या पातळ पदार्थाचं वर्णन येतं. आपले खापरावरचे मांडे ते हेच. खानदेशातल्या मैत्रिणींना उपड्या खापरावर मांडा टाकण्याचं कसब सांगायला नको. म्हणजे राजस्थान-गुजरातेतून आपली घरं इकडे आली तेव्हा पातळ, कोरडी गव्हाची पोळी इथे परकी नव्हती.

पुण्यात धान्याचा घाऊक व्यापार आधी नाना पेठ-भवानी पेठेत होता. पुढे तो गुलटेकडीला मार्केट यार्डात आला आणि त्याच्यामागे आपली घरंही बिबवेवाडी, सॅलिसबरी पार्क, गंगाधामकडे सरकली. गाळ्यावर बसणाऱ्या माणसाचा दिवस ठरलेला: नवकारशी, म्हणजे सूर्योदयानंतर 48 मिनिटं झाल्यावर तोंडात काही घालायचं आणि चौविहार असेल तर सूर्यास्ताआधी जेवण उरकायचं. भुसार बाजाराची गर्दी मात्र सूर्य पाहून थांबत नाही. पेढीवरच्या डब्यातला खाकरा ही त्यावरची सोय होती. हात खराब होत नाहीत, गरम करावं लागत नाही, सांडत नाही.

गोचरीचंही तसंच. साधू-साध्वींसाठी वेगळं रांधायचं नाही, हा नियम. अवेळी म. सा. दारी आले तर घरच्यांसाठी करून ठेवलेला खाकऱ्याचा डबा निर्दोष वहोरावण्याला कायम तयार. आयंबिलात तूप, तेल, दूध, दही, गूळ-साखर आणि मिरची-मसाला काहीच चालत नाही. तिथे बिनमोहनाचा लुखा खाकरा कामाला येतो. चैत्र आणि आश्विनातल्या नवपद ओळीचे नऊ नऊ दिवस कितीतरी बायकांनी त्याच्या आधारावर काढलेत.

यार्डातल्या गव्हाचीही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. आपण दुकानात 'लोकवन द्या' म्हणतो. हा शब्द 'लोक-1' या वाणावरून आला. भावनगर जिल्ह्यातल्या सणोसरा गावी नानाभाई भट्ट यांनी 1953 साली लोकभारती ही ग्रामीण शिक्षणसंस्था सुरू केली. तिथे झवेरभाई पटेल यांनी हा गहू तयार केला आणि संस्थेच्या नावातला 'लोक' त्याला मिळाला. म्हणजे आपल्या खाकऱ्याची कणीकसुद्धा गुजरातेतल्या एका खेड्यातल्या विद्येतून आलेली आहे.

आता पाकिटाकडे वळते. घरात लाटलेल्या वस्तूला बाजारात किंमत येते, हे बायकांना कळलं ते पापडापासून. 15 मार्च 1959 रोजी मुंबईत गिरगावच्या एका गच्चीवर सात गुजराती बायकांनी पापड लाटायला घेतले. भांडवल 80 रुपये, तेही उसने. ते देणारे छगनलाल करमसी पारेख हे भारत सेवक समाजाचे, म्हणजे गोखल्यांनी 1905 साली आपल्या पुण्यातच स्थापन केलेल्या संस्थेचे सदस्य होते. त्यातून 'लिज्जत' उभं राहिलं. सातांपैकी एक, जसवंतीबेन पोपट यांना 2021 साली पद्मश्री जाहीर झाली. आज आपल्या भागात खाकरे करून विकणाऱ्या कितीतरी बायका त्याच वाटेने चालल्यात. कुणाच्या मुलांची फी त्यातून भरली जाते. त्यामुळे पाकिटातला खाकरा वाईट, असं मी म्हणणार नाही. आपल्या यार्डात दि पूना मर्चंट्स चेंबर दरवर्षी दिवाळीत ना नफा ना तोटा भावाने लाडू-चिवडा करून देतं, तोही बाहेरचाच की. रांगा लावून घेतात लोक, कारण कोण करतं हे ठाऊक असतं.

प्रश्न आहे तो तारखेचा. पाकिटावर 'बेस्ट बिफोर' तीन महिने, चार महिने, सहा महिने असतं. ती तारीख वस्तू खवट होण्याची, मऊ पडण्याची. आपली काळमर्यादा ती नाही. आपण केलेल्या दिवसापासून मोजतो, आणि पावसाळ्यात 15 दिवस म्हणजे 15 दिवस. पाकिटावर शेवटची तारीख नंतर बघा, आधी बनवल्याची तारीख शोधा आणि तिथून बोटं मोजा. हिरवा ठिपका बघून समाधान मानू नका. पदार्थ शाकाहारी आहे, एवढंच तो सांगतो. लसूण पावडर असली तरी ठिपका हिरवाच, खमीर म्हणजे यीस्ट असलं तरी हिरवाच. खारे क्रॅकर बऱ्याचदा यीस्टने आंबवलेल्या पिठाचे असतात. घटक वाचल्याशिवाय घेऊ नका.

म्हणूनच सूनबाईचे क्रॅकर मला आवडले. दट्ट्या धरून तीन तास उभं राहायला तिला वेळ नाही, आणि तिने तसं राहावं असंही मला वाटत नाही. कृती अशी. 2 वाट्या ताजी चाळलेली कणीक, 2 मोठे चमचे बारीक रवा, 4 मोठे चमचे तेल, चवीपुरतं मीठ, एक छोटा चमचा ओवा, तेवढंच भरडलेलं जिरं, अर्धा चमचा जाडसर मिरी, चिमूटभर हिंग. सोडा नाही, यीस्ट नाही. तेल पिठाला नीट चोळून, उकाळून गार केलेल्या पाण्याने घट्ट भिजवायचं. अर्ध्या तासाने खाकऱ्याइतकं पातळ लाटून काट्याने टोचे मारायचे, चौकोन कापायचे. 160 अंशावर 18 ते 22 मिनिटं, मध्ये एकदा उलटायचे. मग ओव्हन बंद करून दार किंचित उघडं ठेवायचं आणि आतच गार होऊ द्यायचे. ही शेवटची पायरी म्हणजे आपली दुसरी फेरी, राहिलेली ओल तिथे जाते. मधला क्रॅकर मोडून बघा. वाकला तर परत पाच मिनिटं आत. ओव्हन लावण्याआधी आतून, ट्रेखालून पुंजणी फिरवायला विसरू नका. जयणा गॅसपुरती नसते.

मसाला पंचांग पाहून बदलायचा. तीळ आणि मेथीची पानं थंडीतच. फाल्गुन चौमासीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत ज्यांच्याकडे तीळ आणि भाजीपाला बंद असतो, त्यांनी ओवा, जिरं, मिरी, सुंठ यांवर राहावं. मुगाचं किंवा हरभऱ्याचं पीठ घालणार असाल तर भिजवायला कच्चं दही-ताक नको, द्विदल होतं. मेथीलाही हाच नियम. ओव्हनच्या पदार्थाला खाकऱ्याचीच मर्यादा लावावी का, याबद्दल घराघरांत मतं वेगळी असतील. शंका असेल तिने चातुर्मासात आपल्याकडे विराजमान असलेल्या म. सा. ना विचारावं. आमच्याकडे आम्ही तीच लावतो.

सूनबाईच्या प्रश्नाचं उत्तर मी दिलं ते असं: आत्ता आषाढ चौमासी होऊन गेली, तेव्हा 15 दिवस. तिने मोबाइलमध्ये लावलं. मी तिला डब्यावर कागदाची पट्टी चिकटवून तारीख आणि तिथी दोन्ही लिहायला सांगितली. मोबाइल तिच्या पर्समध्ये असतो. डबा सगळ्यांसमोर असतो, आणि नातू तो उघडण्याआधी वाचायला लागला आहे.