सुट्टीत नळ बंद होतो का?

जूनच्या मध्याला शाळा उघडतात. बाहेर पहिला पाऊस, आत नव्या दप्तरांचा वास आणि फळ्यावर तारीख. पाचवीच्या वर्गावर आलेले गुरुजी सहज म्हणून विचारतात, "सात आठे किती?" एप्रिलमध्ये झोपेतून उठवले तरी छप्पन्न म्हणणारी मुले एकमेकांकडे बघू लागतात. कोणी चोपन्न म्हणते, कोणी चौसष्ट. मग ठरलेले वाक्य येते : "सुट्टीत सगळं धुऊन काढलंत वाटतं!"

हे वाक्य आपण सगळ्यांनीच कधी ना कधी म्हटलेले आहे. पण मुले सुट्टीत नेमके काय विसरतात, किती विसरतात, सगळीच सारखी विसरतात का, हे कोणी मोजून पाहिले आहे का? पाहिले आहे, आणि त्या मोजण्याला शंभराहून जास्त वर्षे झाली. हे काम मुख्यतः अमेरिकेत झाले, कारण तिथली उन्हाळी सुट्टी चांगली दहा-अकरा आठवड्यांची असते. तिची गोष्ट आपल्या मे महिन्यालाही लागू पडण्यासारखी आहे. मात्र ती सरळ रेषेत जाणारी नाही.

आधी त्या सुट्टीविषयी. शेतीच्या कामाला मुले हाताशी हवीत म्हणून उन्हाळ्यात शाळा बंद ठेवत, असे अमेरिकेत सर्रास सांगितले जाते. थोडा विचार केला तर शंका येते. पेरणी वसंतात आणि कापणी शरदात होत असेल तर भर उन्हाळ्यात मुलांना मोकळे सोडून काय उपयोग? एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिथल्या खेड्यांतल्या शाळा हिवाळा आणि उन्हाळा अशा दोन सत्रांत भरत आणि पेरणी-कापणीच्या वेळी बंद असत. शहरांतल्या शाळा तर जवळजवळ वर्षभर चालत. १८४० च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये वर्षाचे अडीचशेच्या आसपास दिवस शाळा भरत असे. पुढे शहरांत उन्हाळ्यातली हजेरी रोडावू लागली. कोंदट इमारतींतला उकाडा, साथींची भीती, ऐपतदार कुटुंबांचे थंड हवेच्या ठिकाणी जाणे, अतिअभ्यासाने कोवळ्या मेंदूवर ताण येतो हे त्या काळच्या वैद्यांचे मत, आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी लागणारा वेळ, या सगळ्यांतून लांब उन्हाळी सुट्टी हळूहळू पक्की झाली. खेड्यांतही पुढे तेच वेळापत्रक आले. सुट्टीमुळे मेंदूला विश्रांती मिळते असे तेव्हा मानत होते. त्याच सुट्टीवर पुढे मेंदूतले ज्ञान गळवल्याचा आरोप यावा ही गंमतच म्हणायची.

आता विसरण्याविषयी. १८८५ साली हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने स्मरणशक्तीवरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. प्रयोगाला बसणारा माणूस एकच, तो स्वतः. अर्थ नसलेल्या अक्षरगटांच्या याद्या तो पाठ करी, काही काळ जाऊ देई आणि मग तीच यादी पुन्हा पाठ करायला किती कमी वेळ लागतो ते मोजी. एका दिवसानंतर वाचणारा वेळ मूळ वेळेच्या साधारण एक तृतीयांश होता, आणि महिन्याभराने एक पंचमांशाच्या आसपास. म्हणजे विसरणे सुरुवातीला झपाट्याने होते आणि मग मंदावते. शिक्षकांच्या दृष्टीने यातली जास्त मोलाची गोष्ट वेगळीच आहे. महिन्याने यादी आठवत नसली, तरी ती पुन्हा शिकायला कमी वेळ लागतो. जूनमध्ये छप्पन्न न आठवणारे पोर पाढा पहिल्यांदा शिकताना जितके दिवस घेते, तितके दुसऱ्यांदा घेत नाही. "सगळं धुऊन काढलंत" हे त्यामुळे शब्दशः खरे नाही.

शाळेतल्या मुलांची सुट्टीआधी आणि सुट्टीनंतर परीक्षा घेऊन तुलना करण्याचा प्रयत्न विल्यम व्हाइट यांनी १९०६ मध्ये गणितात केला. नंतर असे अनेक छोटे-मोठे अभ्यास झाले. १९९६ साली हॅरिस कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे ३९ अभ्यास गोळा करून त्यांचा एकत्रित आढावा घेतला. सरासरी मूल सुट्टीत साधारण महिन्याभराच्या शिकण्याइतके मागे जाते, असा त्यांचा निष्कर्ष होता. सर्वात जास्त फटका आकडेमोडीला आणि शुद्धलेखनाला बसत होता. ते साहजिक आहे. या दोन्ही गोष्टी सरावावर टिकतात, आणि सुट्टीत कोणी आपणहून हातच्याची वजाबाकी करत बसत नाही. वाचनाच्या बाबतीत चित्र दुभंगलेले होते. मध्यमवर्गीय मुले सुट्टीत थोडी पुढेच जात होती, गरीब घरांतली मुले मागे पडत होती.

ही दुभंगलेली रेघ कूपर यांच्याआधी एका स्त्री समाजशास्त्रज्ञाने पाहिली होती. त्यांचे काम समजून घ्यायचे तर १९६६ मध्ये जावे लागते. त्या वर्षी अमेरिकेत जेम्स कोलमन यांचा गाजलेला अहवाल आला. सहा लाखांवर विद्यार्थ्यांची पाहणी करून त्याने म्हटले होते की मुलांच्या यशापयशात घरच्या परिस्थितीचा वाटा फार मोठा आहे आणि शाळाशाळांमधल्या फरकाने त्यात विशेष फेर पडत नाही. अनेकांनी याचा अर्थ सोपा करून घेतला : शाळेने काही होत नाही. शिक्षकाला हे वाक्य किती झोंबेल ते सांगायला नको.

बार्बरा हाइन्स यांनी प्रश्न उलटा धरला. शाळेचा परिणाम मोजायचा तर शाळेत न जाणारी मुले तुलनेला हवीत. पण शाळा तर सगळ्यांनाच आहे. मग तीच मुले शाळेत नसताना पाहिली तर? सुट्टी म्हणजे आयता प्रयोगच. औषध दिले तेव्हा काय झाले आणि बंद केले तेव्हा काय झाले, हे एकाच रोग्यात पाहण्यासारखे. त्यांनी अटलांटा शहरातल्या सहावी-सातवीच्या जवळजवळ ३००० मुलांची वर्षभरातली प्रगती आणि उन्हाळ्यातली प्रगती वेगवेगळी मोजली आणि १९७८ मध्ये पुस्तक प्रसिद्ध केले. गरीब आणि सधन मुलांमधले अंतर शाळा चालू असताना कमी वेगाने वाढत होते, सुट्टीत जास्त वेगाने. शाळा काहीच करत नाही असे म्हणणाऱ्यांना हे उत्तर होते. शाळा अंतर मिटवत नसेल, पण ते वाढण्याला अटकाव तरी करत होती.

उन्हाळ्यात मुले काय काय करतात याचीही हाइन्स यांनी नोंद केली होती. शिबिरे, सहली, खेळ, नातेवाइकांकडे जाणे. या सगळ्यांत शिकण्याशी सर्वात पक्का संबंध दिसला तो वाचनाचा. उन्हाळ्यात सहा किंवा जास्त पुस्तके वाचणाऱ्या मुलांची प्रगती इतरांहून चांगली होती. घरापासून सार्वजनिक वाचनालय किती लांब आहे यावर मूल किती वाचते हे बरेच ठरत होते. अमेरिकेतल्या वाचनालयांनी १८९० च्या दशकातच मुलांसाठी उन्हाळी वाचनाचे उपक्रम सुरू केले होते. ते काम व्यर्थ नव्हते असे आकडे पहिल्यांदा सांगत होते.

इथे जरा थांबून आपल्याकडे पाहू. माझ्या माहितीतल्या एका शाळेत मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात नोटीस फिरते : सर्व विद्यार्थ्यांनी वाचनालयाची पुस्तके जमा करावीत. मग साठा तपासणी होते, कपाटाला कुलूप लागते आणि ते थेट जुलैत उघडते. यात कोणाची दुष्टबुद्धी नसते. एखादे पुस्तक हरवले तर भरपाई कोण देणार, ही भीती असते, आणि ती खोटीही नसते. पण ज्या आठ-दहा आठवड्यांत पुस्तकांची सर्वात जास्त गरज, नेमक्या त्याच आठवड्यांत ती सर्वात सुरक्षित ठेवली जातात.

हाइन्स यांच्यानंतर बाल्टिमोर शहरात डोरिस एन्टविसल आणि कार्ल अलेक्झांडर यांनी १९८२ साली पहिलीत आलेली सुमारे ८०० मुले निवडली आणि त्यांचा मोठेपणापर्यंत माग ठेवला. प्राथमिक वर्गांत वर्षातून दोनदा, शाळा सुरू होताना आणि संपताना, त्यांची चाचणी होई. चित्र स्वच्छ दिसले. शाळेच्या महिन्यांत गरीब आणि सधन मुले जवळजवळ सारखीच पुढे सरकत. उन्हाळ्यात सधन मुले सरकत राहत आणि गरीब जागीच थांबत. संशोधकांनी याला नळाची उपमा दिली. शाळा चालू असते तेव्हा नळ सगळ्यांसाठी वाहतो. सुट्टीत तो बंद होतो आणि ज्यांच्या घरी साठवणीची टाकी आहे त्यांचेच भागते. एक दिवसाआड पाणी येणाऱ्या गावांतल्या वाचकांना ही उपमा जास्त समजावून सांगायला नको! नववीत दिसणाऱ्या वाचनातल्या अंतरापैकी सुमारे दोन तृतीयांश अंतर प्राथमिक शाळेतल्या सुट्ट्यांत तयार झालेले असते, असे त्यांनी २००७ मध्ये लिहिले. वर्तमानपत्रांनी, पुढाऱ्यांनी आणि स्वयंसेवी संस्थांनी ही गोष्ट उचलून धरली.

इथे लेख संपवता आला असता. पण विज्ञानाची सवय वाईट असते, ते जुना हिशेब पुन्हा उघडते.

२०१९ मध्ये पॉल फॉन हिप्पेल आणि कॅटलिन हॅमरॉक यांनी ही आकडेवारी नव्याने तपासली. फॉन हिप्पेल स्वतः सुट्टीच्या सिद्धांतावर विश्वास असलेले. त्यांना दोन दोष दिसले. पहिला असा की सुट्टीआधी मुलांनी पहिलीची प्रश्नपत्रिका सोडवलेली असे आणि सुट्टीनंतर दुसरीची. म्हणजे मधल्या काळात मूलच काय ते बदलले नव्हते, वजनकाटाही बदलला होता. दुसरा दोष मोजपट्टीचा. गुण मांडण्याची तेव्हाची पद्धत अशी होती की वरच्या इयत्तांकडे जावे तशी पट्टी रबरासारखी ताणली जाई. मुलांमधले अंतर खरोखर तितकेच असले तरी ताणलेल्या पट्टीवर ते मोठे दिसणारच. नव्या, सुधारलेल्या चाचण्यांवर तपासले तेव्हा शाळेच्या वर्षांत पटींनी वाढलेली दिसणारी दरी फारशी वाढलीच नव्हती. ती मूल शाळेच्या पायरीवर पहिल्यांदा उभे राहते तेव्हाच बव्हंशी तयार असते.

मग बाकी काय उरले? एक गोष्ट सगळ्या चाचण्यांत टिकली : मूल गरिबाचे असो की श्रीमंताचे, शिकण्याचा वेग सुट्टीत मंदावतो, काहींचा अगदी थांबतो. अंतर कमी करायचे असेल तर मागे असलेल्या मुलांना त्या वेळात पुढे सरकण्याची संधी मिळू शकते, कारण पुढची मुलेही तेव्हा धावत नसतात. माझ्या मते ही दुरुस्ती निराशेची नाही. सुट्टी दरीला कारण आहे की नाही हा वाद बाजूला ठेवला तरी दरी बुजवायला ती उपयोगी पडेल, एवढे त्यातून निघते.

मग मुलांना पुस्तके दिली की झाले? यावरही प्रयोग झाले. फ्लोरिडा राज्यात रिचर्ड अ‍ॅलिंग्टन आणि अ‍ॅन मॅकगिल-फ्रॅन्झेन यांनी गरीब वस्त्यांतल्या १७ शाळांमधून चिठ्ठ्या टाकल्यासारखी मुले निवडली आणि ८५२ मुलांना सलग तीन उन्हाळे दर वेळी बारा पुस्तके घरी नेऊ दिली. ती कायमची, परत न करण्याच्या बोलीवर. पुस्तके मुलांनीच शाळेतल्या प्रदर्शनातून निवडायची होती. त्यांनी काय निवडले? गायक-गायिका, नट आणि खेळाडूंवरची पुस्तके मोठ्या संख्येने उचलली गेली. अभिजात बालसाहित्य मांडून बसलेल्या माणसाचा जीव खालीवर व्हावा अशीच ती यादी होती. पण तीन वर्षांनी या मुलांचे वाचन पुस्तके न मिळालेल्या मुलांपेक्षा चांगले निघाले, आणि सर्वात गरीब मुलांत फरक जास्त होता.

जेम्स किम आणि थॉमस व्हाइट यांचा २००८ चा प्रयोग याला एक पुरवणी जोडतो. तिसरी ते पाचवीच्या मुलांचे त्यांनी गट केले. नुसती पुस्तके मिळालेल्या गटात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. ज्या गटाला सुट्टीपूर्वी शिक्षकांनी काही तास दिले, त्याची प्रगती झाली. या तासांत मोठ्याने वाचून कसे दाखवायचे, वाचलेले समजले की नाही हे स्वतःला कसे विचारायचे, हे शिकवले होते. शिवाय पुस्तके प्रत्येक मुलाच्या वाचनपातळीशी आणि आवडीशी जुळवून दिली होती, आणि घरच्या कोणाला तरी वाचून दाखवायला सांगितले होते. म्हणजे मे महिन्यातल्या वाचनाचे काम एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात होते, जेव्हा परीक्षा संपलेल्या असतात आणि आपण निकालपत्रके भरत असतो.

आपल्या देशातला एक दाखलाही आहे. १९९४ मध्ये मुंबईतल्या वस्त्यांतून काम सुरू केलेल्या 'प्रथम' या संस्थेने बिहार सरकारबरोबर २००८ च्या जून महिन्यात, सुट्टीतच, वाचता न येणाऱ्या तिसरी ते पाचवीच्या मुलांसाठी महिनाभराची शिबिरे घेतली. शिकवायला सरकारी शाळांतलेच शिक्षक होते, जोडीला गावातले स्वयंसेवक. मुलांचे गट इयत्तेवरून पाडले नव्हते. कोणाला अक्षरे येतात, कोणाला शब्द, कोणाला परिच्छेद, यावरून पाडले होते. महिन्याभरात भाषा आणि गणित दोन्हींत मुले पुढे गेली, आणि दोन वर्षांनीही त्याचा अंश टिकून असल्याचे अर्थशास्त्रज्ञांच्या पाहणीत दिसले. हीच पद्धत त्याच राज्यात शाळेच्या चालू वर्षात, केवळ शिक्षकांना प्रशिक्षण आणि साहित्य देऊन राबवली, तेव्हा तसा फरक पडला नाही. सप्टेंबरमध्ये शिक्षकासमोर पाठ्यपुस्तक असते आणि ते संपवायचे असते. जूनच्या शिबिरात त्याच्यासमोर फक्त मूल होते.