आरसी रॉक क्रॉलर म्हणजे काय? नवशिक्यांनी या छंदाची सुरुवात कशी करावी?

हातभर लांबीची एक जीप ओबडधोबड दगडावर एक चाक टेकवते, क्षणभर थांबते आणि मग मुंगीच्या गतीने वर सरकते. असे व्हिडिओ सोशल मीडियावर अनेकांनी पाहिले असतील. या गाड्यांना ‘आरसी रॉक क्रॉलर’ म्हणतात. आरसी म्हणजे रेडिओ कंट्रोल, आणि क्रॉलर म्हणजे रांगत चालणारी. रिमोटच्या बाकी गाड्यांमध्ये वेगाला महत्त्व असते, इथे मात्र जो सावकाश चालवतो तोच वर पोहोचतो.

छंद सोपा दिसतो, पण सुरुवातीला दोन ठिकाणी हमखास फसगत होते. चुकीची गाडी घेऊन पैसे वाया जातात, आणि बॅटरीची नीट माहिती नसेल तर घरात आग लागण्याचाही धोका असतो. त्यामुळे खरेदीआधी काही गोष्टी समजून घेतलेल्या बऱ्या.

हा प्रकार आला कुठून?

खऱ्या जीप घेऊन खडक चढण्याचा खेळ अमेरिकेत जुना आहे. कॅलिफोर्नियातील रुबिकॉन ट्रेल आणि युटा राज्यातील मोआब ही त्याची प्रसिद्ध ठिकाणे. मोआबमध्ये १९६७ पासून ‘ईस्टर जीप सफारी’ भरते. रेडिओ कंट्रोलच्या जगात सुरुवातीला खास क्रॉलर मिळत नसत. जपानच्या तामिया कंपनीने १९८७ मध्ये ‘क्लॉड बस्टर’ हा मॉन्स्टर ट्रक आणला. त्याच्या पुढच्या आणि मागच्या दोन्ही ॲक्सलवर स्वतंत्र मोटर होती आणि चारही चाके वळत. हौशी लोकांनी हेच ॲक्सल काढून घरच्या घरी क्रॉलर बनवले. पुढे ॲक्सियलसारख्या कंपन्यांनी तयार क्रॉलर बाजारात आणले. २०१७ मध्ये ट्रॅक्ससचा ‘टीआरएक्स-४’ आला आणि या प्रकाराला आणखी मोठा ग्राहकवर्ग मिळाला.

ही गाडी दगड चढते कशी?

यामागे चार-पाच साध्या युक्त्या आहेत.

पहिली युक्ती गिअरची. मोटरचे खूप फेरे झाले की चाकाचा एक फेरा होतो. वेग कमी होतो, पण ओढण्याची ताकद वाढते.

दुसरी युक्ती डिफरन्शियलची. रस्त्यावरच्या गाडीत डिफरन्शियलमुळे दोन्ही बाजूंची चाके वेगवेगळ्या वेगाने फिरू शकतात, म्हणून वळणे सोपे जाते. पण एक चाक हवेत उचलले गेले की सगळी ताकद तिकडेच जाते आणि जमिनीवरचे चाक नुसते थांबून राहते. क्रॉलरमध्ये म्हणून डिफरन्शियल लॉक केलेले असते. दोन्ही चाके एकत्रच फिरतात. त्याची किंमत म्हणजे गाडीला वळायला जास्त जागा लागते. टीआरएक्स-४ सारख्या गाड्यांत हे लॉक रिमोटवरून लावता-काढता येते.

तिसरी युक्ती टायरची. या टायरचे रबर मऊ असते. आत हवा भरलेली नसते, स्पंज असतो. त्यामुळे टायर दगडाच्या आकाराप्रमाणे दबतो आणि त्याला जणू मिठी मारतो.

चौथी युक्ती सस्पेन्शनची. ॲक्सल दांड्यांच्या जोडीवर टांगलेले असल्याने एक चाक वर गेले तरी दुसरे खाली टेकलेले राहते.

पाचवी युक्ती वजनाची. वजन जितके खाली आणि थोडे पुढे, तितकी गाडी चढावर मागे उलटायची शक्यता कमी.

खेळणे आणि हॉबी ग्रेड यात फरक काय?

दोन्ही गाड्या फोटोत सारख्याच दिसतात. फरक कळतो तो काही मोडल्यावर. साध्या खेळण्यातल्या गाडीचा गिअर तुटला की बहुधा ती भंगारात जाते, कारण सुटा भाग मिळत नाही. हॉबी ग्रेड गाडीचा स्क्रूपासून ॲक्सलपर्यंत जवळजवळ प्रत्येक भाग वेगळा विकत मिळतो.

दुसरा फरक नियंत्रणाचा. स्वस्त खेळण्यांत बटण दाबले की गाडी पूर्ण वेगाने पळते, सोडले की थांबते. क्रॉलिंगसाठी हे निरुपयोगी आहे. हॉबी ग्रेड गाडीत ट्रिगर जितका दाबावा तितकीच ताकद जाते आणि स्टिअरिंगही हवे तेवढेच वळते. याला ‘प्रपोर्शनल कंट्रोल’ म्हणतात. खरेदी करताना दुकानदाराला पहिला प्रश्न हाच विचारावा.

डब्ल्यूपीएल आणि एमएन या चिनी कंपन्यांच्या गाड्या या दोन्हींच्या मधल्या आहेत. त्या स्वस्त असतात, सुटे भाग मिळतात आणि स्क्रू-पान्याची हौस असणाऱ्याला त्यांच्यावर हात बसवता येतो. मात्र मूळ गाडीकडून फार अपेक्षा ठेवू नये.

कोणते माप घ्यावे?

आरसी गाड्यांचे माप ‘स्केल’मध्ये सांगतात. १/१० म्हणजे खऱ्या गाडीच्या एक दशांश.

• १/२४ आणि १/१८: ॲक्सियलची एससीएक्स२४ आणि ट्रॅक्ससची टीआरएक्स-४एम ही यातली नावाजलेली उदाहरणे. एससीएक्स२४ साधारण वीस सेंटीमीटर लांबीची असते. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी हे माप सोयीचे. उशा, पुस्तके आणि चार दगड मांडले की घरातच मार्ग तयार होतो. पडली तरी वजन कमी असल्याने मोडतोड कमी होते.

• १/१०: हे क्रॉलरचे मुख्य माप. गाडी साधारण अर्धा मीटर लांब आणि तीन किलोच्या आसपास वजनाची. खऱ्या दगडांवर, ओढ्याकाठी चालवायची असेल तर हेच माप योग्य. सुटे भाग सर्वात जास्त याच मापात मिळतात. मात्र गाडी, बॅटरी, टायर असे सगळेच महाग पडते.

जवळ मोकळी खडकाळ जागा नसेल तर लहान मापापासून सुरुवात करणे शहाणपणाचे. दूर जावे लागते म्हणून महागडी गाडी कपाटावर पडून राहण्यापेक्षा रोज संध्याकाळी चालणारी छोटी गाडी जास्त शिकवते.

तयार गाडी की किट?

‘आरटीआर’ म्हणजे रेडी टू रन. गाडी जोडलेली असते आणि रिमोट सोबत मिळतो. किटमध्ये सुटे भाग येतात, मोटर आणि रिमोट बहुतेक वेळा वेगळे घ्यावे लागतात. किट जोडताना गाडीची रचना नीट कळते, पण पहिली गाडी आरटीआर असलेली बरी. आरटीआरच्या खोक्यात बॅटरी आणि चार्जर आहे का, हे आधीच पाहावे. मोठ्या मापात ते अनेकदा नसतात आणि खर्चाचा अंदाज चुकतो.

परदेशातून मागवताना सीमाशुल्क लक्षात घ्यावे. भारताने खेळण्यांवरील मूळ आयात शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के केले होते. त्यामुळे ऑर्डर देण्याआधी सध्याचा दर पाहावा आणि पार्सल दारात येईपर्यंतचा सगळा खर्च धरूनच किंमत ठरवावी.

बॅटरी: सर्वात काळजीचा विषय

आरसी गाड्यांत मुख्यतः दोन प्रकारच्या बॅटऱ्या असतात. निकेल मेटल हायड्राइड, म्हणजे ‘एनआयएमएच’ ही जड पण तुलनेने निर्धोक. लिथियम पॉलिमर, म्हणजे ‘लिपो’ ही हलकी आणि ताकदवान, पण चुकीच्या हाताळणीने पेट घेऊ शकते.

लिपोच्या एका सेलचा सरासरी दाब ३.७ व्होल्ट धरतात. ‘२एस’ म्हणजे दोन सेल, ७.४ व्होल्ट. ‘३एस’ म्हणजे तीन सेल, ११.१ व्होल्ट. पूर्ण चार्ज झाल्यावर प्रत्येक सेल ४.२ व्होल्टवर असतो. ३ व्होल्टच्या खाली गेला तर तो कायमचा बिघडू शकतो. म्हणून मोटरला वीज पुरवणाऱ्या ‘ईएससी’ या भागावर ‘लो व्होल्टेज कटऑफ’ची सोय असते. लिपो वापरताना ती चालू आहे याची खात्री करावी.

हे नियम मोडू नयेत:

• लिपो नेहमी बॅलन्स चार्जरवर आणि ‘लिपो’ मोडमध्येच चार्ज करावी. एनआयएमएच मोडमध्ये लिपो लावणे म्हणजे आगीला आमंत्रण.
• बॅटरीवर वेगळी सूचना नसेल तर ‘१सी’ दराने चार्ज करावी. म्हणजे २२०० एमएएचची बॅटरी २.२ अँपिअरवर.
• चार्जिंग फरशीवर करावे. गादी, सोफा किंवा लाकडी टेबलावर नको. चार्जिंग लावून झोपू नये, बाहेर जाऊ नये.
• फुगलेली, टोचलेली किंवा दबलेली बॅटरी पुन्हा चार्ज करू नये. ती घरच्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा केंद्रात द्यावी.
• आठवडाभर वापर नसेल तर प्रत्येक सेल ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवून बॅटरी साठवावी. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत ती ठेवू नये.
• बॅटरी जोडताना लाल-काळ्या तारा उलट होऊ देऊ नयेत. एका क्षणात ईएससी जळू शकतो.

लहान मुले गाडी चालवत असतील तरी चार्जिंगचे काम मोठ्यांनीच करावे.

पहिल्या दिवशी काय करावे?

सुरू करताना आधी रिमोट, मग गाडी. बंद करताना आधी गाडी, मग रिमोट. हा क्रम उलटला तर सिग्नल नसलेली गाडी अचानक पळू शकते.

चालवण्याआधी दगडाभोवती एक फेरी मारून वाट ठरवावी. क्रॉलिंगमध्ये याला ‘लाइन’ म्हणतात. मोठा दगड दोन चाकांच्या मध्ये घेतला तर गाडीचे पोट त्यावर अडकते. त्यापेक्षा एक चाक दगडावर चढवलेले चांगले. चढ शक्यतो सरळ चढावा. तिरके गेल्यास गाडी कुशीवर कोलमडते.

चाक जागच्या जागी गरगर फिरू लागले की ट्रिगर सोडावा. जोर लावून उपयोग होत नाही, पकड आणखी जाते. थोडे मागे यावे, पुढची चाके डावी-उजवी हलवून पकड शोधावी, नाहीतर दुसरी लाइन घ्यावी. चाके अडकलेली असताना ट्रिगर दाबून धरला तर मोटर आणि ईएससी तापतात. दगडात अडकलेले चाक जबरदस्तीने वळवत राहिले तर स्टिअरिंग फिरवणारा सर्व्हो जळतो. मोटरवर बोट ठेववत नसेल इतकी ती तापली तर गाडीला विश्रांती द्यावी.

सुधारणा कोणत्या क्रमाने कराव्यात?

गाडी घेतल्याबरोबर चकाकणारे ॲल्युमिनियमचे भाग लावण्याचा मोह होतो. त्याने गाडी देखणी होते, पण चांगली चढेलच असे नाही. वर लावलेला जड धातू तर तिला उलटवतोच. नवशिक्यांसाठी उपयोगी क्रम असा:

१. टायर. चांगल्या मऊ टायरने जितका फरक पडतो तितका क्वचितच दुसऱ्या कशाने पडतो.
२. वजन. पुढच्या ॲक्सलवर किंवा चाकांत पितळी वजने लावावीत आणि छतावरचा कॅरियर, खोटे पेट्रोल कॅन काढून टाकावेत.
३. सर्व्हो. धातूचे गिअर असलेला ताकदवान सर्व्हो दगडांमध्येही चाके वळवतो.

मोटर बदलण्याची वेळ बरीच नंतर येते. ब्रश्ड मोटरवर ३५टी, ५५टी असे आकडे असतात. ते गुंडाळलेल्या तारेच्या वेढ्यांची संख्या सांगतात. वेढे जास्त, तर वेग कमी आणि सावकाश चालवताना नियंत्रण चांगले.

बदल उपयोगी ठरला का, हे घरीच तपासता येते. गाडी एका फळीवर ठेवून फळीचे टोक हळूहळू उचलावे. गाडी किती अंशाला घसरते किंवा उलटते, ते मोबाइलमधल्या कोनमापक ॲपने मोजावे. बदलाआधी आणि नंतर आकडा लिहून ठेवला की पैसे कुठे कामी आले ते कळते.

देखभाल

प्रत्येक फेरीनंतर ब्रशने माती झाडावी, चाकांचे नट आणि स्क्रू पाहावेत. ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेले असले तरी ते इलेक्ट्रॉनिक भागांपुरते असते, बेअरिंग गंजतातच. पाण्यातून आणल्यावर गाडी पुसून, सुकवून बेअरिंगला तेल द्यावे. १/१० मापासाठी १.५, २ आणि २.५ मिलिमीटरचे चांगले षट्कोनी पाने आणि चाकासाठी ७ मिलिमीटरचा पाना एवढ्यावर बरेचसे काम भागते.

कुठे चालवावी?

महाराष्ट्रात खडकाला तोटा नाही. सह्याद्रीचा काळा बसाल्ट कोरडा असताना चांगली पकड देतो, पण पावसाळ्यात शेवाळ धरले की चाके घसरतात. कोकणातला सच्छिद्र जांभा टायरला धरून ठेवतो, मात्र त्याची लाल माती गिअरमध्ये शिरते.

जागा निवडताना मात्र भान हवे. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या सड्यांवर हजारो वर्षांपूर्वीची कातळशिल्पे आहेत. २०२२ मध्ये त्यांचा युनेस्कोच्या संभाव्य यादीत समावेश झाला. कित्येक कातळशिल्पांभोवती कुंपण नाही, आणि उन्हात ती चटकन दिसतही नाहीत. गडांच्या तटबंदीवर, पायऱ्यांवर आणि पावसाळी फुलांच्या पठारांवरही गाडी चालवू नये. नदीपात्रातले मोकळे दगड, पडीक खाण किंवा बांधकामाशेजारचा दगडांचा ढीग, परवानगी असेल तर, पुरेसा असतो. खाणीत पाण्याच्या आणि सुटलेल्या कड्यांच्या जवळ जाऊ नये. नजर गाडीवर असली की पायाखालचे दिसत नाही.

सराव झाला की मित्रांबरोबर स्पर्धाही करता येते. दोन-दोन काठ्या किंवा खडे ठेवून ‘गेट’ मांडायचे आणि गाडी त्यातून न्यायची. गेटला धक्का लागला, गाडी मागे घेतली किंवा हाताने उचलली की दंडाचे गुण. ज्याचे गुण सर्वात कमी, तो जिंकला. या खेळाला महागडी गाडी लागत नाही. चार दगड, चार्ज केलेली एक बॅटरी आणि थोडा धीर एवढ्यावर तो सुरू होतो.