लावणी: कानांची आणि पायांची

विषय लावणीचा, पण सुरुवात स्पेनपासून करतो. तिथल्या अंदालुसियात फ्लॅमेन्को आहे. जगाला त्यातला घेरदार झगा आणि टाचांचा ठेका माहीत. जाणकार मात्र गाण्याला मूळ मानतात. १९२२ साली ग्रानादात संगीतकार मान्वेल दे फाया आणि कवी लोर्का यांनी स्पर्धा भरवली, ती गाण्याची. नाचाच्या झगमगाटात जुनं गाणं बुडेल, ही त्यांची धास्ती.

आता आपल्याकडे या. लावणी म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं? नऊवारी आणि घुंगरू. गळा शेवटी आठवतो! खरं तर आपला मुलूख शाहिरांचा. परशराम आपल्याच जिल्ह्यातल्या वावीचे, अनंत फंदी शेजारच्या संगमनेरचे. होनाजी-बाळा या जोडीत होनाजी रचणारा आणि बाळा गाणारा; ‘अमर भूपाळी’ (१९५१) पाहिलेल्यांना ते ठाऊक असेल.

बैठकीच्या लावणीत बाई बसून गाते. साथीला पेटी-तबला, लय संथ. एकच ओळ ती पुन्हापुन्हा घेते आणि दर वेळी अर्थ बदलते. पहिल्यांदा रुसवा, मग विनवणी, मग त्याच शब्दांत चक्क टोमणा. भुवई, बोटं, नजर, एवढ्यावर अदा. ठुमरीची ही सख्खी बहीणच म्हणा ना. अर्थ शब्दात असतो की म्हणण्यात, यावर आम्ही तत्त्वज्ञानवाले ग्रंथ लिहितो. या बाया ते ओळीत दाखवत.

फडावरची लावणी वेगळी. तिथे ढोलकी पुढे, लय चढती, ओळ संपली की पायांना मोकळी जागा. तीही अस्सलच. मला हरकत एवढ्याचीच आहे की पूर्वी नाचणारीला गाताही येई. आज बऱ्याच ठिकाणी गाणं यंत्रातून येतं. मग अर्थ बदलणार कोण? यंत्र तर प्रत्येक वेळी तेच म्हणणार. मागणी नाचाला, बिदागी नाचाला; पोरींनी गळा घोटवत बसावं कशासाठी? दोष त्यांचा नाही, फर्माईश करणाऱ्यांचा आहे.

वाईच्या यमुनाबाई वाईकर २०१८ साली, शंभरी ओलांडून गेल्या. २०१२मध्ये पद्मश्री मिळाली, तोवर वय शहाण्णव! ऐकायचंच असेल तर त्यांच्यापासून सुरुवात करा, आणि चित्र न पाहता. मग सुलोचना चव्हाण. नाचणाऱ्या मुलींनी राम कदमांची ‘पिंजरा’मधली (१९७२) गाणी घ्यावीत, पण पाय उचलण्याआधी आठ दिवस नुसती ढोलकी ऐकावी.