शेळके, उद्धव जयकृष्ण
(८ ऑक्टोबर १९३१–३ एप्रिल १९९२). मराठी कादंबरीकार व कथाकार. जन्म वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे. पुढील वास्तव्य मुख्यतः अमरावतीस. शिळान हा त्यांचा कथासंग्रह. तथापि त्यांची कीर्ती धग (१९६०) ह्या कादंबरीवर अधिष्ठित आहे.

टॉमस हार्डी (१८४०–१९२८) ह्या इंग्रज कादंबरीकाराने डॉर्सेट व त्याच्या आसपासच्या मुलखाला ‘वेसेक्स’ हे जुने नाव देऊन तो मुलूख वाचकांच्या परिचयाचा केला. मराठीत प्रादेशिक कादंबरी मुख्यतः श्री. ना. पेंडसे ह्यांच्या कोकणचित्रणामुळे रूढ झाली. तीत वऱ्हाडचे स्थान धगने निश्चित केले. शिंपीकाम करणारा, पण कामाचा कंटाळा असलेला महादेव आणि संसार रेटणारी त्याची पत्नी कौतिक ह्यांची ही कहाणी. दारिद्र्य आणि नवऱ्याला जडलेला महारोग ह्यांच्याशी कौतिक झुंजते. लेखक तिला देवत्व देत नाही, तिची कीवही करीत नाही. तिची चिवट जिद्द रोजच्या खटपटीतूनच दिसते.

ह्या कादंबरीचे खरे बळ बोलीत आहे. बुलढाणा जिल्ह्यातील वरवट बकालपासून वर्ध्यापर्यंत वऱ्हाडीच्या छटा बदलत जातात. पश्चिमेकडे ‘डोळा’चा ‘डोया’ होतो. ‘का’ऐवजी ‘काहून’ आणि ‘येजो’, ‘करजो’ ही आज्ञार्थी रूपे मात्र सर्वत्र ओळखीची. एरवी विनोदापुरती वापरली जाणारी ही बोली शेळके ह्यांनी दुःखाच्या व निर्धाराच्या प्रसंगी योजिली. कौतिकचे बोलणे प्रमाण भाषेत घातल्यास तिचे व्यक्तिमत्त्वच निसटेल.

लेखन हेच शेळके ह्यांच्या उपजीविकेचे साधन झाले. मराठीत हा मार्ग तेव्हाही बिकटच होता. वाचनालयांच्या वाचकांची भूक भागविणाऱ्या कादंबऱ्या त्यांनी मोठ्या संख्येने लिहिल्या. त्यांत स्त्रीपुरुषसंबंधांची रंजक हाताळणी बरीच आढळते. त्या लोकप्रिय ठरल्या, पण समीक्षकांचे लक्ष त्यांच्याकडे क्वचितच गेले. प्रतिभेचा अपव्यय झाला, असा आक्षेप घेण्यात आला. तो सर्वस्वी निराधार नाही. मात्र हार्डीने १८९५ नंतर नवी कादंबरी हाती न घेता कवितेकडे वळावे, अशी सवड त्याच्या प्राप्तीने त्याला दिली होती. शेळके ह्यांना ती नव्हती. शिवाय ह्या लेखनातही संवादांवरील त्यांची पकड सुटलेली दिसत नाही. त्यांच्या डाळिंबाचे दाणे ह्या कृतीचे नाट्यरूपही रंगभूमीवर आले.

धगचा समावेश पुढे विद्यापीठीय अभ्यासक्रमांत झाला. शेळके अमरावती येथे निधन पावले.