रविवर्मा छापचित्रांचा संग्रह

शेलूवरून जाणारा लोहमार्ग कर्जतनंतर घाट चढतो. लोणावळ्यापुढचे स्थानक मळवली. राजा रविवर्मा यांनी १८९४मध्ये मुंबईत काढलेला शिळाछापखाना १८९९मध्ये तेथे हलला, पुढे जर्मन तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायशर यांच्याकडे गेला आणि १९७२मध्ये आगीत जळाला. त्यामुळे घरोघरच्या भिंतींवर उरलेल्या लक्ष्मी-सरस्वतींना संग्राहकांच्या लेखी मोल आहे. शिळाछापातील ठिपके भिंगाखाली अनियमित दिसतात. आधुनिक ऑफसेट प्रतीत ते शिस्तीत ओळीने उभे असतात. अनेक प्रतींच्या खालच्या समासात ‘कार्ला-लोणावळा’ असा छापखान्याचा पत्ता आढळतो. चौकटीत बसवताना नेमका तोच समास कापला जाई! वारशाने आलेले चित्र पुन्हा मढवायला देताना समास शाबूत ठेवण्यास कारागिराला बजावावे. पिवळा पडलेला कागद घरी पाण्याने पुसू नये.