दहा ग्रॅमचा स्पर्श

पायात काटा मोडला की आपण थांबतो, खाली बसतो आणि तो काढतो. चप्पल एका बाजूला चावू लागली की नकळत पाऊल जरा तिरके पडते. तळपायाच्या त्वचेतून मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूकडे सतत बातम्या जात असतात, म्हणून हे घडते. या बातम्या येईनाशा झाल्या तर? सुरुवातीला काहीच होत नाही, आणि खरी अडचण तीच आहे. दुखू लागले म्हणून माणूस डॉक्टरकडे जातो. दुखायचे थांबले म्हणून कोणी जात नाही. मग पायाची संवेदना उणावली आहे हे जखम होण्यापूर्वी ओळखायचे कसे? त्यासाठी आज जगभर वापरले जाणारे साधन म्हणजे दांडीला बसवलेला नायलॉनचा एक तुकडा. त्याच्या मागे शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे.

त्याची सुरुवात केसांपासून झाली. माक्स फॉन फ्राय हे जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ लाइपझिग येथे त्वचेच्या संवेदनांचा अभ्यास करीत होते. स्पर्श ‘हलका’ की ‘जोराचा’ हे शब्दांत सांगून भागणार नव्हते. त्यांना आकडा हवा होता. त्यांनी माणसाचे आणि घोड्याचे वेगवेगळ्या जाडीचे केस लाकडी काडीच्या टोकाला चिकटवले आणि प्रत्येक केस किती जोर दिल्यावर वाकतो हे तराजूवर मोजून ठेवले. 1896 साली त्यांनी हे काम प्रसिद्ध केले.

केसच का? सरळ टाचणीने टोचले असते तर प्रत्येकाचा हात निराळा, म्हणून जोरही निराळा. केसाचे तसे नाही. सरळ उभा दाबला की काही वेळ तो ताठ राहतो आणि मग एकाएकी वाकतो. एकदा वाकला की तुम्ही आणखी दाबलेत तरी टोकावरचे बल जवळजवळ तेवढेच राहते, केस फक्त अधिक वाकतो. हे गणित ऑयलर यांनी 1744 सालीच मांडले होते. पदार्थ तोच ठेवून जाडी दुप्पट केली तर वाकवायला सोळापट बल लागते. लांबी निम्मी केली तर चौपट.

हा प्रयोग वर्गात सहज करता येतो. मासे धरण्याच्या गळाला लावतात तो अर्धा मिलिमीटर जाडीचा तंगूस दोरा घ्या. त्याचा सुमारे चार सेंटिमीटर भाग मोकळा राहील असा तो पेन्सिलीला घट्ट बांधा आणि स्वयंपाकघरातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर उभा दाबा. दोरा वाकेपर्यंत आकडा चढेल आणि मग दहा ग्रॅमच्या आसपास रेंगाळेल. आता मोकळा भाग दोन सेंटिमीटर करून पाहा. वेगवेगळ्या मुलांच्या हातून आकडा फारसा बदलत नाही, हेच या युक्तीचे मर्म!

केसाचा दोष असा की तो हवेतल्या ओलाव्याने बदलतो. म्हणून तर आर्द्रतामापकात केस वापरत असत. पुढे नायलॉन आले. महायुद्धात मेंदूला इजा झालेल्या सैनिकांचा अभ्यास करताना अमेरिकेत जोसेफिन सेम्स आणि सिडनी वाइनस्टाइन यांनी निरनिराळ्या जाडीच्या नायलॉन तंतूंचा एक संच तयार केला. 1960 साली तो त्यांच्या ग्रंथातून पुढे आला. या संचातल्या तंतूंवरचे आकडे थोडे चमत्कारिक आहेत. ‘5.07’ म्हणजे मिलिग्रॅमच्या दहाव्या भागात मोजलेल्या बलाचा लॉगॅरिथम. हिशेब केला तर पावणेबारा ग्रॅम येतात, पण व्यवहारात त्यालाच दहा ग्रॅमचा तंतू म्हणतात. (ग्रॅम हे बलाचे एकक नव्हे, ही शिक्षकांची तक्रार रास्त आहे. दहा ग्रॅम म्हणजे येथे सुमारे 0.1 न्यूटन.)

इथपर्यंत तळपायाचा संबंध आलेला नाही. तो आला कुष्ठरोगामुळे. तमिळनाडूच्या कोल्ली डोंगरात 1914 साली जन्मलेले डॉ. पॉल ब्रँड 1946 साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शल्यचिकित्सक म्हणून आले. कुष्ठरोगात बोटे ‘झडतात’, असे तेव्हा सर्रास म्हटले जाई. एकदा एक गंजलेले कुलूप ब्रँडना उघडेना. एका रुग्ण मुलाने किल्ली घेतली आणि फिरवली. कुलूप उघडले, पण त्याच्या बोटातून रक्त वाहत होते. किल्ली हाडापर्यंत रुतली होती आणि मुलाला त्याचा पत्ताही नव्हता. अशा निरीक्षणांतून ब्रँड यांची खात्री पटली की रोग बोटे खात नाही. तो मज्जातंतू निकामी करतो. बोटे जातात ती भाजण्याने, कापण्याने, एकाच जागी रोज पडणाऱ्या दाबाने. आमच्या मते या साऱ्या इतिहासातला सर्वांत मोठा शोध हाच. कारण इजा बाहेरून होत असेल तर ती टाळता येते.

1966 साली ब्रँड अमेरिकेतील कार्व्हिल येथील कुष्ठरुग्णालयात गेले. तेथे मधुमेहींच्या पायांच्या जखमाही तपासल्या जाऊ लागल्या. मधुमेहात मज्जातंतू बिघडून तळपायाला खोल जखम होते, हे इंग्लंडमध्ये 1887 सालीच नोंदले गेले होते, पण धोका कोणाला आहे हे सांगणारे माप नव्हते. ते कार्व्हिलच्या बर्क आणि सिम्स यांनी 1986 साली दिले. तळपायाला जखम झालेल्या रुग्णांपैकी एकालाही 5.07 चा तंतू जाणवत नव्हता, मग रोग कुष्ठ असो की मधुमेह. दहा ग्रॅम ही सीमारेषा येथून आली.

चाचणी साधी आहे. आधी तंतू हातावर टेकवून स्पर्श कसा असतो ते दाखवायचे. मग डोळे मिटायला सांगून अंगठ्याच्या आणि बोटांच्या मुळाशी, घट्टे टाळून, तंतू वाकेपर्यंत एक-दोन सेकंद दाबायचा. मधूनच न दाबताच ‘लागले का?’ असे विचारायचे. भिडेखातर ‘हो’ म्हणणारे पुष्कळ असतात. नायलॉनही थकते. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत असे दिसले की दहाएक रुग्णांनंतर तंतूला दिवसभर विश्रांती द्यायला हवी. दमट हवेतही तो नरम पडतो, हे कोकणातल्या दवाखान्यांनी विशेष लक्षात ठेवावे.

मात्र या चाचणीला ‘लवकर निदान’ म्हणणे आम्हाला पुरते पटत नाही. निरोगी तरुण पायाला साधारणपणे एक ग्रॅमचा स्पर्शही कळतो. दहा ग्रॅम कळेनासे होईपर्यंत बरेच नुकसान झालेले असते. शिवाय तंतू तपासतो ते स्पर्शाचे जाड मज्जातंतू. मधुमेहात पुष्कळदा आधी बिघडतात ते वेदना आणि उष्णता वाहणारे बारीक. त्यासाठी टाचणीची, गार-गरम स्पर्शाची चाचणी वेगळी करावी लागते. तंतू सांगतो तो जखमेचा धोका. जखमेपूर्वी तेवढे कळले तरी योग्य पादत्राणे आणि रोज संध्याकाळी तळपाय पाहण्याची सवय यांनी पाय वाचू शकतो.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2023 साली प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणानुसार देशात मधुमेहींची संख्या दहा कोटींच्या घरात आहे. इतक्या पायांना पुरतील एवढे तंतू कोठून आणायचे? कुष्ठरोग कार्यक्रमातील आपले कार्यकर्ते बॉलपेनच्या टोकाने संवेदना तपासतात. इंग्लंडमधील इप्सविच येथील डॉक्टरांनी तर 2011 साली साधनच काढून टाकले. दोन्ही पायांचा अंगठा, मधले बोट आणि करंगळी यांच्या टोकांना तर्जनीने एक-दोन सेकंद अलगद स्पर्श करायचा, दाबायचे किंवा चोळायचे नाही. सहापैकी दोन किंवा अधिक स्पर्श कळले नाहीत तर डॉक्टरांना पाय दाखवायचा. त्यांनी ताडून पाहिले तेव्हा ही बोटाची चाचणी तंतूच्या चाचणीशी बरीच जुळली. घरातल्या मधुमेही आजोबांचे पाय आठवीतली नातही अशी तपासू शकते.