‘हॅरियर अटॅक’ : कॅसेटवरील लढाऊ विमान

‘हॅरियर अटॅक’ हा घरगुती संगणकांच्या आरंभीच्या काळातील लढाऊ विमानाचा खेळ होय. ड्युरेल सॉफ्टवेअर या ब्रिटिश कंपनीने १९८३ मध्ये तो ओरिक-१ व झेडएक्स स्पेक्ट्रम या संगणकांसाठी आणला. आज असे खेळ परदेशांतील संगणक संग्रहालयांत ऐतिहासिक वस्तू म्हणून जतन केले जातात. गोमंतकीयांना त्यातील विमान मात्र अपरिचित नाही.

पार्श्वभूमी : १९८२ च्या फॉकलंड युद्धात ब्रिटनची सी हॅरियर विमाने ‘हर्मिस’ व ‘इन्व्हिन्सिबल’ या युद्धनौकांवरून लढली. त्या आठवणी ताज्या असतानाच हा खेळ आला. पुढे १९८७ मध्ये ‘हर्मिस’ भारतीय नौदलात ‘आयएनएस विराट’ म्हणून दाखल झाली. भारताची पहिली सी हॅरियर विमाने १६ डिसेंबर १९८३ रोजी, म्हणजे खेळ आला त्याच वर्षी, दाबोळीला उतरली. मे २०१६ मध्ये ती निवृत्त झाली. त्यांपैकी एक बोगमाळो मार्गावरील नौदलाच्या हवाई संग्रहालयात पाहावयास मिळते. हे संग्रहालय १९९८ मध्ये सुरू झाले.

खेळाचे स्वरूप : विमान एका बाजूने दिसते. विमानवाहू नौकेवरून उड्डाण करायचे, समुद्र ओलांडून शत्रूच्या भूमीवर मारा करायचा आणि परत येऊन नौकेवरच उतरायचे, एवढाच खेळ. इंधन व दारूगोळा मर्यादित असल्यामुळे परतीचा हिशेब जाताना ठेवावा लागे. स्पेक्ट्रमची स्मृती १६ किंवा ४८ किलोबाइटची होती. आजच्या मोबाइलमधील एक छायाचित्रही त्याहून कितीतरी मोठे असते.

भारतातील स्पेक्ट्रम : पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने १९८८ मध्ये परवान्याखाली ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ भारतीय बाजारात आणला. त्यामुळे परदेशी न जाताही काही मराठी घरांत हा संगणक पोहोचला.

जतनाचा प्रश्न : हा खेळ साध्या ध्वनिफितीवर मिळे. कॅसेट वाजविली की कर्कश ध्वनी निघे आणि त्या ध्वनीतूनच आज्ञावली संगणकात उतरे. फितीवरील चुंबकीय थर काळानुसार झिजतो. उष्णता, दमटपणा व बुरशी त्याचा नाश लवकर घडवितात. विमानाचा गंज डोळ्यांना दिसतो, फितीवरील खेळ पुसला गेला तरी कॅसेट बाहेरून जशीच्या तशी राहते. म्हणूनच केंब्रिजच्या सेंटर फॉर कम्प्युटिंग हिस्ट्रीसारख्या संस्था यंत्रे, कॅसेटी, वेष्टने व माहितीपुस्तिका एकत्र जपतात. फितीची संगणकीय प्रत काढली, तर जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या आज्ञावलीवर खेळ पुन्हा चालविता येतो.

घरी सापडल्यास : पणजी असो वा मध्य प्रदेशातील मराठीभाषक पांढुर्णा-सौंसर, जुन्या घराच्या माळ्यावर अशी कॅसेट मिळाल्यास ती लगेच वाजवू नये. बुरशी नसल्याची खात्री करावी, ध्वनिवर्धक व चुंबकांपासून ती दूर ठेवावी आणि जाणकाराकडून प्रथम तिची प्रत काढून घ्यावी. वेष्टन व पुस्तिका टाकून देऊ नयेत. विमान जतन करण्यास नौदल समर्थ आहे. कॅसेटचे जतन मात्र ज्याच्या घरी ती आहे, त्याच्याच हाती असते.